पंधरा मिनिटं कुणाच्या भरवशावर? (तीन मुलं, दोन शाळा, एक पाळणाघर)

तीन_डबे | २८ जून, रात्री ११:५२

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे तिघं. थोरला पाचवीत, मधली दुसरीत, धाकटा अडीच वर्षांचा. पुण्यात धायरी फाट्याजवळ राहतो, तिसरा मजला. नवरा चाकणला कारखान्यात, पहिली पाळी. कंपनीची बस पकडायला तो सव्वापाचलाच घराबाहेर पडतो. सासूबाई गावी असतात, सासऱ्यांना सोडून त्यांना येता येत नाही. माझी आई मिरजेला भावाकडे. मी नळ स्टॉपजवळ एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते, दहाला खुर्चीत असावं लागतं.

मागच्या वर्षीपर्यंत बरं चाललं होतं. थोरला आणि मधली एकाच वेळेला, एकाच रिक्षातून जायची. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने काढलं ना, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, मुलांची झोप होत नाही, तेव्हा मी घरात टाळ्या वाजवल्या होत्या. खरंच सांगते, ते वर्ष सोन्यासारखं गेलं. यंदा थोरला पाचवीत गेला. पाचवीची शाळा सातला. मधलीची अजून नऊलाच. पाळणाघर साडेआठच्या आत दार उघडत नाही. आमचे रिक्षाकाका नऊच्या पाळीची मुलं नेतात. सातच्या पाळीला एकट्या पोरासाठी त्यांना परवडत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे.

म्हणजे सकाळी ६:३५ ला थोरल्याला मी सोडायचं. शाळा अडीच किलोमीटर. जाऊन येऊन पंधरा मिनिटं, सिग्नल लागला तर अठरा. आणि त्या वेळी घरात दोघं झोपलेली.

पहिले तीन दिवस सगळ्यांना घेऊन गेले. ॲक्टिव्हावर धाकटा पुढे उभा, मागे मधली, तिच्या मागे दप्तरासकट थोरला. धाकटा उभ्या उभ्या झोपायचा, त्याचं डोकं मीटरवर आपटायचं. चौथ्या दिवशी पाऊस आला. चौघांचे रेनकोट चढवायचे म्हणजे पावणेसात होणार. मग मी मधलीला उठवलं, म्हटलं, "बाळ झोपलाय, तू फक्त इथे बस, हलू नकोस, मी आलेच." बाहेरून कुलूप लावलं आणि गेले. पंधरा मिनिटांत परत. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडाभर चाललं, आणि मला वाटलं, सुटला प्रश्न.

परवा फाट्यावर एक टँकर आडवा झाला. त्यात पाऊस. पंधराची चाळीस मिनिटं झाली. मधलीकडे फोन नाही. मी गाडी रस्त्याकडेला लावून चालत सुटले, मग परत फिरले, कारण चालत अजून उशीर झाला असता. त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय आलं ते इथे लिहीत नाही.

कुलूप काढलं तर आत चिडीचूप. पंखा चालू. धाकटा पलंगावर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. मधली खाली फरशीवर मांडी घालून बसली होती, आणि एका हाताने तिने त्याचा घोटा धरून ठेवला होता. म्हटलं, "अगं, अशी काय बसलीस?" तर म्हणे, "तो उठला तर पडेल ना." तिचा फ्रॉक ओला होता. शू लागली होती, पण हात सोडून जायचं कसं म्हणून गेलीच नव्हती.

मी काही बोलले नाही. फरशी पुसली, तिला आंघोळ घातली, वेण्या घातल्या. रिबिनीची गाठ तीनदा सुटली. ऑफिसात दिवसभर एकाच व्हाउचरकडे बघत होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी सोडतेस का?" वाईट अर्थाने नाही म्हणाला. पण घराचा हप्ता दोन पगारांवर बेतलेला आहे हे त्यालाही माहितीय.

तर प्रश्न एवढाच की या पंधरा मिनिटांचं तुम्ही काय केलं असतं? किंवा काय केलंत?

---

मऊभात | २९ जून, सकाळी ६:०८

पोटात गोळा आला वाचून. माझी जुळी आहेत, चार वर्षांची. बाथरूमचं दार लावून आंघोळ कशी करतात ते मी विसरलेय. एकदा लावलं होतं, पाचच मिनिटं. बाहेर आले तर एकीने दुसरीच्या डोक्यावर पिठाचा डबा रिकामा केला होता आणि दोघी शांतपणे त्यात पाणी घालत होत्या. कणीक मळत होत्या म्हणे. तुझ्या मधलीने निदान घोटा धरला.

उपाय माझ्याकडे नाही. फक्त सांगायला आले की तू एकटी नाहीस.

---

रविवारपेठ | २९ जून, सकाळी ८:३१

ताई, बाकी राहू दे, आधी ॲक्टिव्हाचं बोलतो. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो. पोर हेही माणूसच. ट्रिपल सीटला हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन जाऊ शकतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं, आणि चारच्या आतल्यांसाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून वेगळा नियम आहे: मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, हेल्मेट, आणि गाडीचा वेग ४० च्या आत. पुढे उभं करणं तर विसराच. करकचून ब्रेक दाबला की पोर थेट हँडलवर.

हे गाव हेल्मेटच्या विरोधात मोर्चे काढणारं आहे याची कल्पना आहे. मी स्वतः एका मोर्च्यात होतो. नंतर पुतण्याचा अपघात झाला. असो.

---

तीन_डबे | २९ जून, सकाळी ८:४०

दादा, तुमचं शंभर टक्के बरोबर. म्हणून तर चौथ्या दिवशी बंद केलं. पण बघा ना, दोघांना गाडीवर घेतलं तर कायदा मोडतो, घरी ठेवलं तर जीव टांगणीला लागतो.

(हे पाळणाघराच्या दारात उभी राहून लिहितेय. धाकट्याने चप्पल उलटी घातलीय आणि ती मला सुलटी करू देत नाहीये.)

---

कोथरूडची_काकू | २९ जून, सकाळी १०:१५

मी आधी रागावणार आहे, मग बोलेन. बाहेरून कुलूप? तिसरा मजला, आत गॅस, गॅलरी, आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये टँकरच्या मागे? काही झालं असतं तर शेजारी दार फोडेपर्यंत काय उरलं असतं! पुन्हा असं करायचं नाही. झालं, रागावून झालं.

आता बोलते. मीही तीन वाढवली, पण शनिवार पेठेतल्या वाड्यात. सहा बिऱ्हाडं, मधे चौक, एक नळ. आमच्याकडे कुणी मुलांना "सांभाळायचं" असं नसे. संध्याकाळी दिवेलागणीला फक्त मोजायची. एक कमी भरलं तर ते लेल्यांच्या पडवीत झोपलेलं असायचं किंवा वरच्या आजींकडे मेतकूट-भात खात बसलेलं असायचं. माझं कौतुक काही नव्हतं त्यात, वाड्याची रचनाच तशी. पण वाड्यात भांडणंही तशीच व्हायची, नळावर तर रोज, तेव्हा उगीच गोड आठवणी काढत बसू नये.

सांगायचं हे की तुमच्या जिन्यात सहा दारं असतील. त्यातलं एक तरी उघड.

---

भोचक_पण_खरं | २९ जून, दुपारी १२:०२

आजच्या काळात तीन मुलं? दोघंही नोकरीवर असताना? झेपत नसेल तर आधी विचार करायला हवा होता. उगाच सहानुभूती गोळा करायला धागे काढायचे.

---

तीन_डबे | २९ जून, दुपारी १:३४

माझ्या बहिणीला सरकारी नोकरीच्या अर्जाबरोबर लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं होतं. माझी नोकरी खासगी, त्यामुळे मला कागदावर काही द्यावं लागलं नाही. तोंडी मात्र रोज द्यावं लागतं. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, आणि आता इथे.

धाकटा ठरवून झाला नव्हता. आता आहे. आत्ता जेवणाच्या सुट्टीत पाळणाघरातून फोन आला की तो स्वतःची पोळी माशांच्या टाकीत घालतोय. परत पाठवायची सोय असेल तर कळवा.

---

मऊभात | २९ जून, दुपारी १:४१

"परत पाठवायची सोय." ऑफिसात मोठ्याने हसले.

---

बाणेर_बाळंतीण | २९ जून, दुपारी २:२०

थोडं विषयांतर करते, माफ करा. मला सातवा महिना आहे, दुसऱ्या खेपेचा. २६ आठवडे रजा सगळ्यांना मिळते ना? ताई, तुम्हाला तिसऱ्या वेळी मिळाली होती का?

---

तीन_डबे | २९ जून, दुपारी २:५५

तुला मिळेल, काळजी नको. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे केलेत. पण ज्या बाईची दोन मुलं हयात आहेत तिला पुढच्या खेपेला १२ च. मला १२ मिळाले. त्यातले तीन बाळंतपणाच्या आधीच गेले, कारण पाय सुजले होते. म्हणजे नऊ आठवड्यांचं बाळ घरी ठेवून मी बॅलन्स शीट जुळवत होते, आणि दुपारी ऑफिसच्या स्टोअर रूममध्ये जुन्या फायलींच्या मधे बसून दूध काढत होते.

पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असली तर ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते, हेही कायद्यात आहे. आमच्याकडे आम्ही चौदा, त्यात एक चहावाला मुलगा धरून. तुझी कंपनी मोठी असेल तर आत्ताच एचआरला विचारून ठेव, आणि तोंडी नको, मेलवर विचार.

---

अर्धा_कप | २९ जून, रात्री ९:१७

बाप बोलतोय. माझी बायको नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे आमच्याकडे सकाळचं खातं माझ्याकडे. वेणी घालायला मी व्हिडिओ बघून शिकलो. पहिल्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती वेणी दप्तरात ठेवून, म्हणजे रबर आणि रिबीन हातात, केस मोकळे.

ताई, राग मानू नका, पण नवऱ्याने "नोकरी सोडतेस का" हे विचारायच्या आधी "मी दुसरी पाळी मागू का" हे विचारलं होतं का? मी फक्त विचारतोय.

---

तीन_डबे | २९ जून, रात्री १०:४८

राग नाही. विचारलं होतं. दुसऱ्या पाळीला तो रात्री साडेबाराला घरी येईल आणि संध्याकाळी पाच ते साडेसात कुणीच नसेल, कारण मी साडेसातला पोचते. आत्ता संध्याकाळ पूर्ण त्याची आहे. पाळणाघरातून आणणं, अभ्यास, खिचडी. भांडी तो घासतो. त्यामुळे त्याच्यावर ढकलून मोकळी होऊ शकत नाही, तेवढं सोपं असतं तर धागा काढला नसता. पण तुमचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे, आधी ते म्हणायला पाहिजे होतं."

आणि वेण्यांचा व्हिडिओ पाठवा. त्याला शिकवते.

---

दवाखानावाली | ३० जून, सकाळी ७:०३

महापालिकेच्या दवाखान्यात काम करते. उपदेश काकूंनी केलाय, मी दोनच गोष्टी सांगते.

एक, कधी अगदी नाइलाज झाला आणि घरात मूल ठेवून खाली जरी जायचं असलं तरी रेग्युलेटर सिलिंडरलाच बंद करायचा, नुसता शेगडीचा नॉब नव्हे. गॅलरीचं दार वरच्या कडीने लावायचं. गॅलरीतला स्टूल, कुंडी, कपडे वाळत घालायचा स्टँड, ज्याच्यावर चढता येतं ते सगळं आत. बादलीत पाणी ठेवायचं नाही. तान्ह्यांना वीतभर पाणीही पुरतं. आमच्याकडे आलेल्या केसेस सांगत बसत नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. मधलीशी बोललात का? तुम्ही तिला सांगितलं "हलू नकोस", ती हलली नाही. सात वर्षांचं पोर शब्द जसाच्या तसा पाळतं. "शाब्बास, किती गुणाची" असं म्हणून सोडू नका. ते काम तिचं नव्हतं हे तिला कुणीतरी सांगायला हवं. धाकटी भावंडं असली की पाच-सहा वर्षांची मुलगी आपोआप "मोठी" होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलग्यांना मात्र बाराव्या वर्षीही पाण्याचा ग्लास हातात लागतो.

---

तीन_डबे | ३० जून, सकाळी ७:२२

शेवटचं वाक्य टोचलं. थोरल्याला आजही मी बूट पुसून देते. आजपासून बंद.

मधलीशी बोलले नव्हते. आज बोलते.

---

मऊभात | ३० जून, सकाळी ११:३०

सिस्टर, तुम्ही आहातच तर एक विचारू? जुळ्यांच्या डोक्यात उवा. बालवाडीतून आल्यात. सासूबाई म्हणतात रॉकेल लावा.

---

दवाखानावाली | ३० जून, दुपारी १:१२

रॉकेल अजिबात नको. टाळू भाजतो, डोळ्यात गेलं तर वेगळीच आफत. परमेथ्रिन एक टक्क्याचं लोशन मिळतं, केस धुऊन टिपून लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं, आणि सात ते दहा दिवसांनी परत एकदा, कारण पहिल्या खेपेला लिखा सगळ्या मरत नाहीत. बारीक दातांची फणी, ओल्या केसांतून, उन्हात बसून. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची, तुमचंही. ऊ उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागून चालत जाते. त्यामुळे घर स्वच्छ की अस्वच्छ याच्याशी संबंध नाही, सासूबाईंना सांगा.

---

रविवारपेठ | ३० जून, दुपारी १:४०

धागा पंधरा मिनिटांवरून उवांवर आला. चालायचंच. मीही डोकं खाजवतोय.

---

निवांत_आजोबा | ३० जून, संध्याकाळी ५:४५

उशिरा लिहितोय, चष्मा दुरुस्तीला टाकला होता.

मी पंचाहत्तरीचा. नातवंडं अमेरिकेत. दर रविवारी शेजारच्या दोन पोरांना घेऊन पेशवे पार्कात जातो, फुलराणीत बसवायला. ती गाडी १९५६ साली सुरू झाली, मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, वडिलांनी तिकीट काढून दिलं आणि मी रडलो, कारण बोगद्यात अंधार होता. परवा शेजारचा धाकटाही नेमका तिथेच रडला. मला फार बरं वाटलं. (कात्रजला जाणार असाल तर बुधवार टाळा, प्राणिसंग्रहालय बंद असतं. मी एकदा तिघांना घेऊन बंद दारापुढे उभा राहिलोय, तेव्हा अनुभवाचे बोल.)

आता मुद्द्याचं. ताई, तुमच्या जिन्यात पहाटे पाचला कुणाच्या घरात दिवा लागतो ते बघा. ज्या घरात लागतो तिथे म्हातारं माणूस आहे. आम्ही पाचला उठतो आणि पेपर येईपर्यंत दाराकडे बघत बसतो. सहा पस्तीसला आमच्याकडे काही काम नसतं. एखाद्याच्या दिवाणखान्यात बसून पेपर वाचायला आम्हाला काय हरकत?

लोक विचारत नाहीत. त्यांना वाटतं म्हाताऱ्यांना त्रास होईल. आणि आम्ही आपणहून म्हणत नाही, कारण भोचक ठरू.

---

कोथरूडची_काकू | ३० जून, संध्याकाळी ६:०२

मी हेच म्हणत होते, फक्त आरडाओरडा करून.

---

तीन_डबे | ३० जून, रात्री ११:२०

समोरच्या फ्लॅटमध्ये एक आजी आहेत. एकट्या राहतात, मुलगा दुबईला. पाच वर्षांत आमचं बोलणं "पाणी आलं का?" आणि "तुमचा कचरा जिन्यात सांडलाय" एवढंच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी आमच्या थोरल्याच्या क्रिकेटची तक्रार केली होती, लेखी. त्यांचा दिवा पाचला लागतो हे मला माहितीय, कारण मी कुकर लावते तेव्हा त्यांच्या रेडिओवर भक्तिगीतं सुरू असतात.

जाऊन विचारायचं म्हणजे जिवावर येतंय. बघते.

आणि मधलीशी बोलले आज. रात्री केसांना तेल लावताना म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले, ते काम तुझं नव्हतं." ती म्हणाली, "हो, माझा पाय पण दुखत होता." मग थोड्या वेळाने, "पण आई, तो एकदा झोपेत हसला, ते मी बघितलं, तू नाही बघितलंस." आता यावर काय बोलणार?

---

अर्धा_कप | १ जुलै, सकाळी ६:५०

विचारलंत का?

---

मऊभात | २ जुलै, रात्री १०:०५

विचारलंस का?

---

रविवारपेठ | ४ जुलै, सकाळी ९:००

लोक टीव्हीवरच्या मालिकेसारखी वाट बघतायत. कळवा.

---

तीन_डबे | १६ जुलै, रात्री ११:३५

माफ करा, मधे धाकट्याला ताप, मग थोरल्याला, मग मला. क्रम नेहमीचाच. आणि चार दिवस गणवेश वाळलाच नाही. ओला शर्ट इस्त्रीने वाळवत उभी असताना काय फोरमवर येणार.

विचारलं. दार उघडलं तेव्हा आजींच्या हातात चाळणी होती, रवा चाळत होत्या. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, "आजी, सकाळी सहा पस्तीस ते सातपर्यंत आमच्याकडे येऊन बसाल का? मुलं झोपलेली असतात." त्या पाच सेकंद काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू बाहेरून कुलूप लावून गेलीस ते मी दारातल्या भिंगातून बघितलं. तू परत येईपर्यंत मी तिथेच उभी होते. आतून काही आवाज आला असता तर वॉचमनला हाक मारणार होते."

चाळीस मिनिटं, दाराच्या आत उभ्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. आणि मी पाच वर्षं त्यांना खडूस म्हणत होते.

अटी घातल्या त्यांनी. पैशाचं नाव काढायचं नाही. पंखा दोनवर, त्यांना वारा सोसत नाही. चहा त्या स्वतःचा घेऊन येणार, कारण माझा "पाणचट" असतो (थोरल्याने केव्हातरी सोसायटीच्या हळदीकुंकवाला नेऊन दिला होता, तो अजून लक्षात आहे). आणि क्रिकेट जिन्यात नाही, खाली.

रोज ६:३० ला येतात. एका हातात झाकण ठेवलेला कप, काखेत पेपर. मी परत येते तेव्हा पेपर शब्दकोड्यापर्यंत पोचलेला असतो. पहिल्या आठवड्यात धाकटा एकदा मधेच उठला. मी आले तर तो त्यांच्या मांडीवर बसून पोळीचा लाडू खात होता आणि त्या त्याला वधू-वर पाहिजेच्या जाहिराती वाचून दाखवत होत्या. मधली झोपलेली होती. आडवीतिडवी, तोंडावर चादर, सात वाजून गेले तरी. तिला उठवायला जिवावर आलं, दहा मिनिटं तशीच ठेवली आणि मग सगळ्यांनाच उशीर झाला.

माझ्याकडे काय लागलंय तर त्यांचं विजेचं बिल मोबाईलवरून भरणं, मुलाला व्हिडिओ कॉल लावून देणं, आणि शाळेवरून येताना फाट्यावरून दहा रुपयांची फुलं. दूर्वा मंगळवारी.

दुसरं म्हणजे रिक्षाकाका म्हणाले होते सातच्या पाळीला पाच पोरं पाहिजेत. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. चार झालीत. पाचवा मिळाला की मलाही सकाळी बाहेर पडायला नको. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग मी येऊ नको का?" म्हटलं, "या की, मला तेवढ्या वेळात आंघोळ करता येईल, दार लावून."

उद्या दिवसभर पाणी नाही म्हणून नोटीस लागलीय. त्यांचं पिंप आणि दोन कळश्या आत्ता थोरल्याने भरून दिल्या. एक कळशी जिन्यात सांडली.

---

मऊभात | १६ जुलै, रात्री ११:४१

दार लावून आंघोळ! मला जळवू नकोस.

---

कोथरूडची_काकू | १७ जुलै, सकाळी ६:४०

भिंगातून चाळीस मिनिटं बघत उभ्या. हं. मी असते तर दहाव्या मिनिटाला कुलूपवाला आणला असता. पण बाई गुणाची आहे. संक्रांतीला वाण देशील ते नीट दे.

---

रविवारपेठ | १७ जुलै, सकाळी ८:१५

सगळं झालं. पण साडेआठच्या खेपेला दोघं गाडीवर असतातच ना? हेल्मेटचं काय?

---

तीन_डबे | १७ जुलै, सकाळी ८:२९

मधली आता रिक्षानेच जाते, आमच्या दारातून सव्वाआठला. राहिला धाकटा. त्याला पट्टा घेतला आणि हेल्मेट पण. पिवळं. काढूच देत नाही, काल रात्री तेच घालून वरणभात खाल्ला. निघतेय, दादा, पाळणाघर उघडलं.